आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरच्या डिझाइनसाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून ड्रॉइंग आणि हायड्रॉलिक कॅल्क्युलेशन करून घेणारे कॉन्ट्रॅक्टर काम संपलं की जाता जाता हमखास विचारतात, तुम्ही कुठलं सॉफ्टवेअर वापरता, आम्हीपण तेच घेऊन टाकू का. फोनवर पाच मिनिटांत उत्तर देण्यासारखा विषय नाही, म्हणून लिहून काढलंय. आम्ही कुठलंच सॉफ्टवेअर विकत नाही, कुणाचं कमिशनही नाही, त्यामुळे जे अनुभवाने पटलंय ते सरळ लिहितोय.

आधी एक समजून घ्या, या सॉफ्टवेअरची दोन वेगवेगळी कामं असतात. एक म्हणजे ड्रॉइंग, हेड (पाणी फवारणारी तोंडं) बसवणं, पाइप ओढणं, मटेरियल लिस्ट काढणं. दुसरं म्हणजे हिशोब, म्हणजे कुठल्या हेडला किती प्रेशर पोचतंय आणि पंपाकडून किती मागायचंय. ऑटोस्प्रिंकसारखं सॉफ्टवेअर दोन्ही करतं, त्याचं स्वतःचं कॅड आहे आणि रेव्हिटवर (इमारतीचं थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरवर) चालणारी आवृत्तीपण आहे. हायड्राकॅड ऑटोकॅडवर चालतं, त्यामुळे ज्यांचा हात ऑटोकॅडवर बसलाय त्यांना सोपं जातं. आणि नुसता हिशोब करणारीही असतात, ज्यात पाइपची माहिती टेबलमध्ये भरायची. महिन्याला एखादं छोटं काम असेल तर हे शेवटचंच पुरतं, उगाच मोठं घेऊ नका, वापरलं नाही तर शिकलेलंही विसरायला होतं.

आता हिशोबाचं जरा बारकाईने बघू, कारण लोक डेमोमध्ये थ्रीडी बघून भुलतात आणि हा भाग बघतच नाहीत.

समजा ऑर्डिनरी हॅझर्ड (मध्यम धोक्याचा वर्ग) ग्रुप २ चं काम आहे, एनएफपीए १३ (स्प्रिंकलरचं अमेरिकन स्टँडर्ड) प्रमाणे डेन्सिटी मिनिटाला ८.१ मिमी, म्हणजे दर चौरस मीटरवर ८.१ लिटर पाणी, आणि डिझाइन एरिया, म्हणजे जेवढ्या जागेतली हेड एकदम उघडतील असं धरायचं ती जागा, १३९ चौरस मीटर. लाइनवर, म्हणजे हेड बसवलेल्या पाइपवर, हेड ३ मीटरवर, दोन लाइनमध्ये ४ मीटर, म्हणजे एका हेडखाली १२ चौरस मीटर. १३९ भागिले १२ म्हणजे १२ हेड धरायचे. त्या एरियाची लाइनच्या दिशेने लांबी वर्गमुळाच्या १.२ पट, म्हणजे १४.१५ मीटर, म्हणून एका लाइनवर ५ हेड, दुसऱ्यावर ५ आणि उरलेले २ तिसऱ्या लाइनवर क्रॉस मेनच्या (लाइनना पाणी देणाऱ्या मोठ्या पाइपच्या) बाजूचे. शेवटच्या हेडला लागणारं पाणी ८.१ गुणिले १२, म्हणजे मिनिटाला ९७ लिटर. के ८० चं हेड असेल (के म्हणजे एक बार प्रेशरला हेड मिनिटाला किती लिटर सोडतं तो आकडा) तर त्यासाठी जवळपास १.५ बार प्रेशर लागतं, तेच के ११५ घेतलं तर ०.७ बारमध्ये भागतं. बघा, नुसतं हेड बदललं तर सुरुवातीचं प्रेशर निम्म्यावर आलं, पाइपला हातही लावला नाही. चांगलं सॉफ्टवेअर ते जे असा बदल दोन क्लिकमध्ये करून लगेच नवीन आकडा दाखवतं. प्रत्येक बदलाला सगळे नोड (हिशोबातले पाइपांचे जोडबिंदू) परत भरायला लावत असेल तर तुमचा डिझायनर पर्याय तपासायचाच नाही, पहिला आकडा बसला की पुढे जाईल, आणि त्यात त्याची चूक म्हणता येणार नाही.

आता आमचीच एक फजिती सांगतो. एका गोडाऊनचं काम होतं, कॅल्क्युलेशनमध्ये क्रॉस मेन ६५ मिमी धरला होता आणि पाइप लायब्ररीत शेड्यूल १० (शेड्यूल म्हणजे पाइपच्या जाडीचा प्रकार) निवडलेलं राहिलं, आधीच्या कामाची फाइल कॉपी केली होती ना. साइटवर आला शेड्यूल ४०. नावाला दोन्ही ६५ चेच, पण आतला व्यास एकाचा ६६.९ आणि दुसऱ्याचा ६२.७ मिमी, आणि पाइपमधलं घर्षण मोजायच्या हेझन-विल्यम्सच्या सूत्रात व्यासाचा घात ४.८७ असतो, त्यामुळे ४ मिमीच्या फरकाने त्या तुकड्यातला फ्रिक्शन लॉस (घर्षणात जाणारं प्रेशर) सुमारे ३७ टक्क्यांनी वाढला. पंपाचं जे थोडं मार्जिन ठेवलं होतं ते सगळं त्यात गेलं आणि एक टप्पा ८० मिमीचा करावा लागला, आमच्या खर्चाने. सॉफ्टवेअरने चूक केली नव्हती, जे सांगितलं तेच त्याने मोजलं. पण रिपोर्टमध्ये प्रत्येक पाइपसमोर आतला व्यास आणि सी फॅक्टर (पाइप आतून किती गुळगुळीत धरलाय तो आकडा) ठळक छापून आला असता तर तपासणाऱ्याच्या नजरेत आलं असतं, तिथे तो तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात होता. तेव्हापासून आम्ही कुठल्याही सॉफ्टवेअरचा आधी रिपोर्ट बघतो, मग स्क्रीन.

सी फॅक्टरचंही तेच. ओल्या सिस्टिममध्ये (पाइपात कायम पाणी) काळ्या स्टील पाइपला १२०, ड्राय सिस्टिमला (पाइपात एरवी हवा) १००, सीपीव्हीसीच्या प्लास्टिक पाइपला १५०. १२० च्या जागी १०० झालं की लॉस ४० टक्के वाढतो. सिस्टिमचा प्रकार ड्राय केल्यावर सॉफ्टवेअर सी आपोआप बदलतं, की विचारतं, की गप्प बसतं, हे डेमोमध्ये स्वतः करून बघा. गप्प बसणारं असेल तर आमच्या मते नकोच.

युनिटचा घोळ तर विचारू नका. के ५.६ आणि के ८० हे एकच हेड, पहिलं गॅलन-पीएसआयमधलं आणि दुसरं लिटर-बारमधलं. सॉफ्टवेअर गॅलनवर असताना कुणी ८० टाइप केलं तर प्रेशर जवळजवळ शून्य येतं आणि पुढचा सगळा हिशोब चुकतो.

ट्री सिस्टिम, म्हणजे झाडाच्या फांद्यांसारखे पाइप, असेल तर हिशोब हातानेही होतो, वेळ लागतो एवढंच. ग्रिड, म्हणजे दोन्ही टोकांना जोडलेल्या पाइपांची जाळी, असेल तर पाणी दोन्ही बाजूंनी येतं आणि कुठून किती हे पुन्हा पुन्हा मोजूनच कळतं, १९३६ ची हार्डी क्रॉसची पद्धत याच कामाची आहे. ग्रिडमध्ये सगळ्यात कठीण जागा कोपऱ्यातच असेल असं नसतं, डिझाइन एरिया इकडे-तिकडे सरकवून बघावा लागतो. हे सरकवणं सॉफ्टवेअर स्वतः करतं का, आणि बाजूच्या जागांचे आकडेही रिपोर्टमध्ये देतं का, हे विचारा. तुम्ही ग्रिड करतच नसाल तर हा परिच्छेद सोडून द्या, त्यासाठी जास्तीचं मॉड्यूल घेऊ नका.

ऑटो लेआउटची जाहिरात खूप असते. खोली दाखवली की हेड आपोआप पडतात, मस्त दिसतं. पण ते अंतर आणि एरियाचा नियम पाळतं, डक्ट (एसीच्या हवेची नळी) बघेलच असं नाही. १.२ मीटरपेक्षा रुंद डक्ट असेल तर त्याच्या खालीही हेड लागतं, आणि नेहमीच्या हेडचा डिफ्लेक्टर (पाणी पसरवणारी चकती) सपाट छतापासून २५ ते ३०० मिमीच्या आत हवा, मग बीम आला की सगळं हलतं. आर्किटेक्टचं रेव्हिट मॉडेल मिळत असेल आणि सॉफ्टवेअरला ते वाचता येत असेल तर क्लॅश, म्हणजे पाइप कुठे डक्टला-बीमला आडवे येतात ते, आधीच दिसतात, हा खरा फायदा. तुम्हाला फक्त सपाट डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या ड्रॉइंग फाइल) मिळत असतील तर थ्रीडीचे पैसे कशाला घालवायचे, उंचीची माहिती शेवटी तुम्हालाच भरायची आहे. आणि ती नीट भरा, दर मीटर चढाला ०.०९८ बार जातात, १० मीटर म्हणजे जवळपास एक बार.

स्टँडर्डचं विसरू नका. मंजुरी देणारा अधिकारी किंवा विमा कंपनी एनएफपीए १३ मागते की युरोपियन स्टँडर्ड ईएन १२८४५, हे आधी ठरवा, कारण आकडे एकसारखे नाहीत. ईएन १२८४५ मध्ये ऑर्डिनरी हॅझर्डची डेन्सिटी ५ मिमी आणि एरिया गटाप्रमाणे ७२ पासून ३६० चौरस मीटरपर्यंत जातो. मेनूत नाव आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका, त्या स्टँडर्डचा एक छापील रिपोर्ट मागा आणि जिथे सबमिट करायचा तिथल्या माणसाला दाखवून घ्या. एनएफपीएच्या रिपोर्टमध्ये समरी, पाणीपुरवठ्याचा ग्राफ आणि नोडप्रमाणे तपशील लागतो, बाहेरच्या होजचं (आग विझवायच्या हातातल्या पाइपचं) पाणी, म्हणजे ऑर्डिनरीला मिनिटाला ९५० लिटर, वेगळं दिसायला हवं.

लायसन्सचं थोडक्यात. दरवर्षी भरायचं असेल तर बंद केल्यावर जुन्या फाइल उघडतील का हे लेखी घ्या. इमारत पन्नास वर्षं उभी राहते, पाच वर्षांनी कुणीतरी पार्टिशन टाकतो आणि जुनं कॅल्क्युलेशन मागतो.

डेमो घेताना त्यांची तयार फाइल बघू नका, ती नेहमी धावतेच. तुमचं एक जुनं, बसवून झालेलं, मंजूर झालेलं काम न्या, साधारण १२-१५ हेडचं ट्री, आणि त्यांच्यासमोर पहिल्यापासून भरायला लावा. शेवटच्या हेडचा आणि पंपाजवळचा आकडा जुन्या रिपोर्टशी जुळतोय का बघा, जुळत नसेल तर का, ते त्यांना समजावता येतंय का तेही बघा. जुना रिपोर्ट सापडत नसेल तर आम्हाला ड्रॉइंग पाठवा, वर सांगितल्यासारखं १२ हेडचं कॅल्क्युलेशन हाताने करून देऊ. आणि डेमोला मालकांनी एकट्याने बसू नका हो, जो पोरगा रोज त्या मशिनवर बसणार आहे त्यालाच माउस हातात द्या.