विपश्यनेचं शिबिर की एमबीसीटी? घरातल्या ज्येष्ठांसाठी विचार करताना

"आईला झोप नाही, कशात मन लागत नाही. इगतपुरीला दहा दिवस पाठवू का?" वय झालेल्या आईवडिलांची मुलं असं विचारतात, आणि त्यामागची काळजी खरी असते. पण नैराश्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ जी माइंडफुलनेस (सजगतेची) थेरपी सुचवतात, म्हणजे एमबीसीटी (माइंडफुलनेस-बेस्ड कॉग्निटिव्ह थेरपी), ती विपश्यना नव्हे. दोन्हीत श्वासाकडे लक्ष द्यायचं असतं, म्हणून घोटाळा होतो.

विपश्यना ही साधना आहे. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात पहाटे चारला घंटा होते. दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास ध्यान, मौन, फोन-पुस्तक बंद, नव्या साधकांना संध्याकाळी चहा आणि फळं. मनाने सावरलेल्या माणसाला यातून खूप मिळतं. पण अर्जात मानसिक आजार आणि गोळ्यांची माहिती विचारतात, ती उगाच नाही. शिबिर हा उपचारांना पर्याय नाही, हे आयोजकच सांगतात. आधीच खचलेल्या माणसाला एवढ्या मौनात तेच ते विचार आणखी घेरू शकतात.

एमबीसीटी हा उपचार आहे, तोही मुळात नैराश्य उलटू नये म्हणून बेतलेला. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ताणतणावासाठी माइंडफुलनेसचा कार्यक्रम सुरू केला. सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी पुढे त्याला कॉग्निटिव्ह थेरपीची, म्हणजे विचारांच्या सवयींवर काम करणाऱ्या उपचाराची जोड दिली. आठ आठवडे, आठवड्यातून एकदा साधारण दोन तास गटात बसायचं, बाकी सराव घरी. सरावानंतर बोलायचं असतं, आणि माझ्या मते खरा फरक इथेच पडतो. 'मी आता सगळ्यांना ओझं झालोय' हे आजोबांच्या मनात दिवसभर घोळत असतं. इथे ते मोठ्याने बोलून दाखवता येतं. ही वस्तुस्थिती नसून मनात आलेला एक विचार आहे, हे हळूहळू दिसू लागतं.

२०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटिश अभ्यासात ४२४ जण होते. दोन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण एमबीसीटी घेऊन नैराश्याच्या गोळ्या कमी करणाऱ्यांत ४४ टक्के, तर गोळ्या चालू ठेवणाऱ्यांत ४७ टक्के होतं. म्हणजे जवळपास सारखंच. पण गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी केल्या होत्या. स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

गुडघे दुखत असतील तर हा सराव खुर्चीत बसून होतो. ऐकू कमी येत असेल तर आधी सांगून पुढे बसवावं. थेरपी सुरू करण्याआधी थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. त्यांच्या कमतरतेनेही माणूस मलूल होतो. जगणं नकोसं झाल्याचं कुणी बोललं, तर शिबिर आणि थेरपी दोन्ही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.