शहरातल्या ताटातली भाकरी: गेली कशी, परतली कशी

पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत आज ज्वारीची भाकरी बऱ्याचदा पोळीपेक्षा महाग मिळते आणि ‘हेल्दी’ म्हणून मागवली जाते. एकेकाळी शहरातल्या मराठी घरांत पाहुणे आले की पोळ्या लाटल्या जायच्या, भाकरी घरच्यांपुरती असायची. हा बदल नीट समजायचा तर आहारशास्त्राच्या आधी रेशनचं दुकान आणि जेवणाचा डबा बघावा लागतो.

मुंबईत शिधावाटप सुरू झालं १९४३ साली, युद्धाच्या टंचाईत. १९५६ मध्ये अमेरिकेशी पीएल-४८० या तिच्या अन्नमदतीच्या कायद्याखाली करार झाला आणि आयात केलेला गहू शहरांच्या रेशनवर येऊ लागला. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झालं. पुढे हरितक्रांतीचा गहू आला आणि सरकारी खरेदीचा मुख्य भर गहू-तांदळावर राहिला. गहू रेशनच्या दराने मिळायचा, ज्वारी मात्र बहुतेकदा बाजारभावाने घ्यावी लागायची. पगारदार कुटुंबाने काय निवडलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

त्यात ज्वारीची चवही बदनाम झाली. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं. उत्पन्न भरपूर, पण पीक खरिपाचं. कणीस भरताना पाऊस लागला की दाण्याला बुरशी धरते, तो काळा पडतो आणि भाकरी काळपट, बेचव होते. ‘हायब्रीड’ हा शब्द तेव्हापासून नावडतीचा झाला. सोलापूर-मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी रब्बीची. ती पावसाळा सरल्यावर भरते, म्हणून दाणा मोत्यासारखा राहतो. १९७२ च्या दुष्काळात परदेशी लाल मिलो, म्हणजे ज्वारीचाच एक प्रकार, रेशनवर आला, आणि ज्यांनी तो खाल्ला त्यांच्या मनात ज्वारी टंचाईशी कायमची जोडली गेली.

पण माझ्या मते खरा निकाल डब्याने लावला. गव्हात ग्लुटेन हे पीठ धरून ठेवणारं प्रथिन असतं, त्यामुळे कणीक रात्री भिजवून ठेवता येते, आणि तेल लावून घडी घातलेली पोळी दुपारी एकलाही मऊ असते. ज्वारीत ग्लुटेन नाही. पीठ बांधलं जातं ते गरम पाण्यामुळे, आणि तेही एका वेळी एक-दोन भाकरींपुरतंच मळायचं. तळहाताने चांगलं रगडायचं, थापायचं, तव्यावर टाकून वरच्या बाजूला पाणी फिरवायचं आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायचं. उशीर झाला की तडे जातात, आणि तडे गेलेली भाकरी फुगत नाही, कारण वाफ तिथूनच निघून जाते. पीठ जुनं असेल तर त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. मग कितीही मळा, थापताना कडा फाटतातच. शेवटचा भाजा निखाऱ्यावरचा. रॉकेलच्या स्टोव्हवर ती थेट आचेला धरली की वास लागायचा. एवढं करून डब्यात घातलेली भाकरी चार-पाच तासांत कडक होते. सकाळी सातची लोकल पकडणाऱ्या घरात तिचा टिकाव लागणं अवघडच होतं.

सरकारी थाळ्यांतही हा बदल दिसतो. १९९५ ची योजना एक रुपयात झुणका-भाकरीची होती. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण ठरलं. भाकरी नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोने द्यायची तरतूद होती, तरी शहरातल्या दुकानांत मुख्यतः गहू-तांदूळच येत राहिले.

मग २०१८ हे देशात भरडधान्य वर्ष झालं आणि २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय वर्ष. ज्वारी-बाजरी ‘पौष्टिक तृणधान्य’ झाली. कौतुक योग्यच आहे, पण ते मोजून करावं. १०० ग्रॅम ज्वारीत तंतू साधारण १० ग्रॅम, आणि कोंड्यासकट दळलेल्या कणकेत ११ च्या आसपास. म्हणजे घरच्या पोळीऐवजी भाकरी खाल्ली म्हणून तंतूंचा मोठा फायदा होत नाही; तो होतो मैदा किंवा पांढरा भात (१०० ग्रॅम तांदळात तीनेक ग्रॅम) कमी केला तर. बाजरीत लोह कणकेपेक्षा खरंच जास्त, सुमारे ६.४ मिलिग्रॅम, पण धान्यातला फायटेट हा घटक ते शरीराला पुरतं घेऊ देत नाही. भाकरीबरोबर लिंबू पिळलेली कोशिंबीर असेल तर थोडी मदत होते.

शहरात ज्वारी-नाचणी आज बिस्किटांच्या पुड्यांतूनही विकली जाते. पाकिटावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिलं नाव मैदा, दुसरं साखर आणि नाचणी पाचव्या जागी असेल तर तो मैद्याचाच पुडा. भाकरीच करायची असेल तर दळण थोडं थोडं आणावं: ज्वारीचं पंधरा दिवसांपुरतं, बाजरीचं आठवड्यापुरतं. बाजरीत स्निग्धांश पाच टक्क्यांच्या वर असतो, म्हणून तिचं पीठ लवकर कडवट होतं.