१९ आणि २१ कुठून आले?

पाचवीच्या वार्षिक परीक्षेचा विषय निघाला की आमच्या दापोलीकडच्या पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘गणितात राहिला तर?’ शिक्षण हक्क कायद्याखालचे नियम राज्याने २०२३ मध्ये बदलले. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झाल्यास फेरपरीक्षा, तिथेही अडकल्यास पुन्हा तोच वर्ग. परीक्षेला माझा विरोध नाही. पण गणितातली एक गाठ त्याआधीच, चौथीत तपासायला हवी: मुलाला अपूर्णांक ही एक संख्या वाटते, की एकावर एक लिहिलेल्या दोन संख्या?

१९७८ मध्ये अमेरिकेत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, १२/१३ + ७/८ म्हणजे अंदाजे किती? पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जेमतेम एकाच्या अलीकडचे, म्हणून उत्तर २. ते निवडलं फक्त २४ टक्के मुलांनी. निम्म्याहून अधिक मुलं १९ किंवा २१ वर गेली. अंश मिळवले की १९, छेद मिळवले की २१.

या चुकीत मला फार रस आहे, कारण ती वेडगळ नाही. एका करंडीत ८ आंबे, त्यांतले ७ पिकलेले. दुसरीत १३, त्यांतले १२ पिकलेले. करंड्या एकत्र ओतल्या तर २१ पैकी १९ पिकलेले. म्हणजे १९/२१ हे खरं उत्तर आहे, पण मिश्रणाच्या प्रश्नाचं, बेरजेच्या नव्हे. मिश्रण नेहमी दोन्ही अपूर्णांकांच्या मध्ये पडतं: ७/८ म्हणजे ०.८७५, १९/२१ सुमारे ०.९०५, १२/१३ सुमारे ०.९२३. इथेच मुलाला विचारावं, ‘१२/१३ मध्ये भर घातली आणि उत्तर १२/१३ पेक्षा कमी कसं आलं?’

बेरजेसाठी काथ्याचा सुंभ घ्यावा. एक टोक शून्य, दुसरं एक. दुमडून अर्ध्यावर गाठ, परत दुमडून पाव आणि पाऊण, आणखी एकदा दुमडला की अष्टमांश. ७/८ ची गाठ टोकापासून १/८ अलीकडे, १२/१३ ची १/१३ अलीकडे. ती दोन अंतरं एकापुढे एक ठेवली तर २ ला तूट पडते २१/१०४ ची, साधारण पाचव्या हिश्श्याची. तेराव्या भागाची गाठ मात्र दुमडून येत नाही. तिथे पट्टीच लागते.

रॉबर्ट सिग्लर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांच्या नोंदी तपासल्या. दहाव्या वर्षीची अपूर्णांकांची आणि भागाकाराची समज सोळाव्या वर्षीच्या गणिताचा अंदाज देत होती, बुद्ध्यांक आणि घरची मिळकत हिशेबात धरूनही. बोटांच्या ठशांवरून ‘गणिताचं डोकं’ सांगणाऱ्या चाचण्यांना असा कुठलाच आधार नाही. त्यावर पैसे घालवू नका.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्याने २०२२ मध्ये प्राथमिक गणितासाठी वेगळा कायदा केला. त्यात शाळांना गणिताचे मार्गदर्शक शिक्षक आहेत, आणि चौथी-पाचवीत अपूर्णांकांच्या समजेची स्वतंत्र चाचणीही आहे. २०२४ च्या राष्ट्रीय चाचणीत चौथीच्या गणितात २०१९ च्या सरासरीपुढे गेलेलं ते एकमेव राज्य ठरलं. कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत असल्याने सगळं श्रेय त्याला देता येत नाही. तरी आपल्या नियमांतही एक ओळ यावी: जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत चौथीच्या पहिल्या सत्रात, गुणांशिवाय, प्रत्येक मुलाने सुंभावर पाऊण आणि दोन तृतीयांशाची गाठ मारून दाखवावी, आणि टोकाजवळ कोणती ते सांगावं.