रक्तवाहिन्यांची वाढ : लगाम पेशीच्या हाती

कर्करोगाच्या गाठीला स्वतःच्या रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत, तर ती दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे वाढत नाही, हे ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडले. पुढची जवळजवळ वीस वर्षे शोध एकाच गोष्टीचा चालला होता : वाहिन्यांना ‘वाढा’ असे सांगणारा पदार्थ कोणता? १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीईजीएफ हे प्रथिन ओळखले. कोडे सुटल्यासारखे वाटले. पण माझ्या मते खरी गोष्ट सुरू होते ती इथून.

निरोप पोचला तरी तो घेणारे कोणीतरी लागते. वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर हे काम ग्राही प्रथिने करतात. व्हीईजीएफचे असे दोन ग्राही आहेत, पहिला आणि दुसरा. १९९५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेच्या एकाच अंकात त्यांच्यावरचे, उंदरांत केलेले दोन प्रयोग आले. दुसऱ्या क्रमांकाचा ग्राही नसलेल्या भ्रूणात रक्तवाहिन्या तयारच झाल्या नाहीत. पहिला नसलेल्यात मात्र अस्तरपेशींचा सुळसुळाट झाला आणि वाहिन्यांची सगळी रचना विस्कटली. म्हणजे पहिला ग्राही चक्क आवर घालत होता! तो व्हीईजीएफला दुसऱ्यापेक्षा कितीतरी घट्ट पकडतो, पण संदेश फारच क्षीण देतो.

आणखी एक समजूत बदलली. व्हीईजीएफ चिकटले की दुसऱ्या प्रकारचे दोन ग्राही जोडीने येतात, एकमेकांवर फॉस्फेट चढवतात (संदेश सुरू होतो तो यानेच) आणि पेशी त्यांना इवल्याशा पिशवीत घालून आत ओढते. आत गेला की ग्राहीचे काम संपले, असे मानले जाई. २००६ च्या सुमारास दिसले ते उलटच. शेजारच्या पेशींशी घट्ट जुळलेल्या पेशीत व्हीई-कॅडहेरिन हे सांध्यावरचे प्रथिन ग्राहीला पृष्ठभागावरच धरून ठेवते. तिथे एक विकर ते फॉस्फेट उतरवते आणि संदेश मंदावतो. सांधा सैल असला, की ग्राही आत निसटतो आणि पिशवीतूनच संदेश देत राहतो. मग त्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण पडली तर रवानगी लायसोसोमकडे, म्हणजे पेशीतल्या पाचक पिशवीकडे, विघटनासाठी; नाहीतर तो परत पृष्ठभागावर. शांत वाहिनी शांत का राहते, याचे इतके देखणे उत्तर मला दुसरे माहीत नाही.

पहिल्या ग्राहीचे एक सुटे, विरघळणारे रूपही पेशी बाहेर सोडतात. ते व्हीईजीएफ वाटेतच अडवते. डोळ्याचे पारपटल वाहिन्यांविना नितळ राहते ते त्याच्यामुळे, हे २००६ मध्ये कळले. त्याआधी, २००३ मध्ये, गरोदरपणात रक्तदाब वाढवणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियात वारेतून हेच रूप वाजवीपेक्षा जास्त सुटते, असे आढळले होते. आज या विकाराचा धोका जोखणाऱ्या रक्तचाचणीत त्याचेच प्रमाण मोजतात.