विल्यम लॉटन स्मिथ आणि १७८९ चा नागरिकत्वाचा वाद : पार्श्वभूमी

अमेरिकेत बर्थराइट सिटिझनशिपवरून, म्हणजे देशात जन्मला म्हणून मिळणाऱ्या नागरिकत्वावरून, भांडण पेटलं की १७८९ चं एक जुनं प्रकरण वर काढलं जातं, ते याच माणसाचं. जन्म १७५८, साउथ कॅरोलायनातलं चार्ल्सटन, घर श्रीमंत, पुढे वकील आणि भातशेतीच्या मळ्यांचा मालक, म्हणजे गुडघाभर चिखलात राबणारे सगळे गुलाम.

बारा वर्षांचा असताना त्याला शिकायला इंग्लंडला धाडलं, मग जिनिव्हा, मग लंडनला वकिलीचं शिक्षण. इकडे वडील वारले, स्वातंत्र्ययुद्ध लढून संपलं आणि हा परत आला थेट १७८३ मध्ये. अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) प्रतिनिधिगृहाची १७८८ ची निवडणूक जिंकला तर हरलेल्या एका डॉक्टरने तक्रार केली की सदस्य व्हायला राज्यघटनेप्रमाणे सात वर्षांचं नागरिकत्व लागतं, ते याच्याकडे कुठंय? (हा डॉक्टर जन्माने उत्तरेकडचा, गुलामगिरीविरोधी असल्याचा बोभाटा झाला म्हणून आपण पडलो असं त्याचं म्हणणं.)

२२ मे १७८९ ला प्रतिनिधिगृहात जेम्स मॅडिसन (तिथलाच सदस्य, पुढे राष्ट्राध्यक्ष) स्मिथच्या बाजूने उभा राहिला. मुद्दा असा की निष्ठा आईबापांवरून ठरते किंवा जन्मस्थानावरून, पण अमेरिकेत जन्मस्थानच धरायचं. हा जन्मला त्या समाजात, त्या समाजाने ब्रिटनच्या राजाशी नातं तोडलं तेव्हा हा सज्ञानही नव्हता, तर समाजाबरोबर हाही आपोआप नागरिक झाला. मतदान स्मिथच्या बाजूने ३६ विरुद्ध १. परदेशी शिकणारा पोरगा युद्धात लढला नाही म्हणून परका ठरत नाही, इथपर्यंत निकाल मला बरोबरच वाटतो. पण त्याच मातीत जन्मलेल्या, याच्याच मळ्यातल्या पोरांचा विषय त्या चर्चेत कुणी काढलासुद्धा नाही, हे मला खरंच खटकतं.

आणि वर्षभरात, १७९० मध्ये, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे गुलामगिरीविरुद्धचे अर्ज काँग्रेसकडे आले तेव्हा गुलामगिरीची लांबलचक वकिली करायला उठला तो हाच. शेवटी राज्यांमधल्या गुलामांच्या सुटकेत काँग्रेसला हात घालता येणार नाही असंच ठरलं. पुढे तो पोर्तुगालला राजदूत म्हणून गेला, १८१२ मध्ये वारला.

१८५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तर सांगूनच टाकलं की काळे लोक नागरिक होऊच शकत नाहीत. ते उलटवायला यादवी युद्ध आणि अमेरिकेत जन्मलेल्यांना नागरिक ठरवणारी चौदावी घटनादुरुस्ती लागली. जुलै १८६८ मध्ये साउथ कॅरोलायनाने ती मंजूर केली तेव्हा तिथल्या कनिष्ठ सभागृहात काळ्या सदस्यांचं बहुमत होतं, आणि त्यातले बरेच जण काही वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम होते.