अलेमान्सरेट

दुसऱ्याच्या मालकीच्या रानातून पायी जाण्याचा, तळ्यात पोहण्याचा वा होडी घालण्याचा, रानफळे व अळिंबी वेचण्याचा आणि काठावर एखादी रात्र तंबू ठोकून राहण्याचा स्वीडनमधील सर्वांचा हक्क. शब्दाचा अर्थ ‘प्रत्येकाचा हक्क’. नॉर्वे व फिनलंडमध्येही असे हक्क आहेत.

उगमाबाबत मतभेद आहेत. जुन्या मतानुसार हा हक्क मध्ययुगीन आहे. तेराव्या-चौदाव्या शतकांतील काही प्रांतिक कायद्यांनी वाटसरूला हेझल या झुडपाची मूठभर कवचफळे घेण्याची मुभा दिली होती, हा त्याचा नेहमीचा आधार. परंतु या कायद्यांचा मुख्य रोख मालकाच्या संपत्तीच्या रक्षणावर होता. वाटसरूची सवलत हा अपवाद होता. अधिक विचारात घेण्यासारखा पुरावा 1864 च्या दंडसंहितेत आहे. परक्या जमिनीवरून काय नेऊ नये याची यादी तीत आहे : गवत, फांद्या, भूर्जाची साल, पाने, ओकची फळे, हेझलची फळे, डिंक. या यादीत रसाळ रानफळे, फुले व अळिंबी नाहीत. जे निषिद्ध नाही ते सर्वांना मोकळे, असा अर्थ यातून काढला गेला; म्हणजे हक्काचा हा भाग कायद्याच्या मौनावर उभा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिंगन या लाल आंबट फळांची जर्मनीला निर्यात वाढली, तेव्हा ती जमीनमालकाचीच ठरवावीत अशी मागणी झाली. ती मान्य झाली नाही. ‘अलेमान्सरेट’ ही संज्ञा मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच रुळलेली दिसते. शहरी कामगारांच्या विश्रांतीचा प्रश्न त्याच काळात पुढे आला. 1938 च्या कायद्याने दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. त्यामुळे सामग्री जुनी, पण सर्वांचा हक्क ही कल्पना आधुनिक, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

1994 मध्ये या हक्काचा उल्लेख राज्यघटनेत आला. तरीही त्याची व्याख्या कोणत्याही कायद्यात नाही. ‘त्रास देऊ नका, नासधूस करू नका’ हे निसर्गसंरक्षण खात्याचे सूत्रच व्यवहारात मार्गदर्शक ठरते. तंबू घरांच्या परिसरापासून व उभ्या पिकापासून दूर हवा. उघड्या खडकावर शेकोटी पेटवू नये. उष्णतेने खडक तडकतो आणि तो व्रण भरून येत नाही. राष्ट्रीय उद्यानांचे नियम वेगळे असतात.

तळ्याकाठच्या मुक्कामाला खरा आधार दिला तो किनारासंरक्षणाच्या कायद्याने. 1950 च्या दशकारंभी आलेले हे संरक्षण 1975 पासून सर्वसाधारणपणे लागू झाले. पाण्याच्या कडेपासून जमिनीकडे व पाण्याकडे प्रत्येकी 100 मीटर (काही ठिकाणी 300 मीटरपर्यंत) पट्ट्यात परवानगीविना नवे बांधकाम करता येत नाही. हा कायदा नसता तर काठ बंगल्यांच्या कुंपणांनी कधीच अडवले असते.

मासेमारी या हक्कात येत नाही. व्हेनर्न, व्हेट्टर्न, मेलारेन, येल्मारेन व स्टूरशन या पाच मोठ्या तळ्यांत गळाने मासे धरणे खुले आहे. इतर तळ्यांत बहुधा परवाना लागतो.

नॉर्वेत 1957 च्या कायद्याने तंबूसाठी वस्तीच्या घरापासून 150 मीटर अंतर ठरवून दिले आहे. स्कॉटलंडने 2003 च्या कायद्याने तसाच व्यापक हक्क दिला. मात्र गर्दी व कचऱ्यामुळे लॉक लोमंड या तळ्याच्या परिसरातील अनेक काठांवर 2017 पासून मार्च ते सप्टेंबर या काळात तंबूसाठी परवाना घ्यावा लागतो.