बोनेटवरचे नाव आणि बोनेटखालचे इंजिन

पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात 1248 सीसीचे एक डिझेल इंजिन तयार होत असे. त्याची मूळ रचना फियाटची. 2008 साली ते टाटाच्या इंडिका व्हिस्टामध्ये ‘क्वाड्राजेट’ या नावाने आले आणि फियाटच्या पुंतोमध्ये त्याचेच नाव ‘मल्टिजेट’ होते. मारुती हेच इंजिन परवाना घेऊन हरियाणात बनवत असे आणि 2007 पासून स्विफ्टमध्ये ‘डीडीआयएस’ म्हणून विकत असे. पुढे शेवरोलेच्या ‘सेल’ या गाडीत ते ‘स्मार्टेक’ झाले. टर्बो, गिअर आणि सस्पेन्शन यांत फरक होताच, पण इंधन जाळून चाकांना फिरवणारे मूळ यंत्र एकच होते. तरीही त्या काळी यांपैकी एका गाडीचे इंजिन ‘दणकट’ आणि दुसरीचे ‘कटकटीचे’ असे लोक ठामपणे सांगत, आणि जुन्या बाजारात त्यांना मिळणाऱ्या भावांतही मोठी तफावत असे. कुटुंबासाठी गाडी घेताना नाव आणि यंत्र यांची गल्लत होते ती नेमकी इथे. यंत्राचा विचार करायचा तर आधी आपला रोजचा रस्ता समजून घ्यावा लागतो.

डिझेल गाडी जास्त अ‍ॅव्हरेज का देते? एक कारण अगदी साधे आहे. आपण इंधन लिटरने विकत घेतो आणि एक लिटर डिझेल एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी जड असते, त्यामुळे त्या लिटरमध्ये ऊर्जाही तेवढी जास्त असते. दुसरे कारण इंजिनाच्या श्वासात आहे. पेट्रोल इंजिनाला हवा आणि इंधन ठरावीक प्रमाणात लागतात, म्हणून कमी ताकद हवी असेल तेव्हा हवेच्या वाटेत झडप आडवी येते आणि पिस्टनला ती हवा ओढून घेण्यातच शक्ती खर्चावी लागते. नाकपुडी दाबून श्वास घेण्यासारखाच हा प्रकार आहे. डिझेल इंजिन हवा मोकळेपणाने आत घेते, ती पेट्रोल इंजिनापेक्षा बरीच जास्त दाबते आणि ताकद कमी-जास्त करते ती केवळ इंधनाच्या मात्रेने. म्हणूनच कमी ताकदीवर चालतानाही डिझेलची उधळपट्टी पेट्रोलपेक्षा कमी असते.

मग शहरातही डिझेलच घ्यावे, असा निष्कर्ष माझ्या मामेभावाने काढला होता. त्याचे ऑफिस घरापासून चार किलोमीटरवर, आणि रविवारी फार तर सासुरवाडीची फेरी. 1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाची बीएस-6 मानके लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारी गाळणी आली. अडलेली काजळी जाळून टाकायला धूर सुमारे 600 अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. चार किलोमीटरमध्ये इंजिन धड गरमही होत नाही. पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या डॅशबोर्डवर गाळणीचा पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरने तो दोनदा विझवून दिला, पण गाडी हायवेवर वीस-पंचवीस मिनिटे सलग पळवली तर दिवा मुळात लागणारच नाही, हे त्याला कोणीही सांगितले नाही. गाडी घेतानाच हे सांगायला हवे होते, असे मला आजही वाटते. यंत्रात दोष नव्हता. ते लांब पल्ल्यासाठी बनलेले होते आणि त्याच्या वाट्याला गल्लीबोळ आले होते.

शहरात इंधन कुठे जाते, हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. 1200 किलोची गाडी ताशी 60 किलोमीटर वेगाने जात असते तेव्हा तिच्यात सुमारे 167 किलोज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. ब्रेक दाबून थांबलो की ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या चकत्यांमध्ये उष्णता होऊन हवेत जाते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, आणि इंजिनाने त्यातली पाव चाकांपर्यंत पोहोचवली असे धरले तर कामी येतात 8 मेगाज्यूल. भागाकार केला की एका थांब्याची किंमत सुमारे 21 मिलिलिटर येते, म्हणजे चार चमचे पेट्रोल. असे 48 वेळा झाले की एक लिटर संपले. वेग निम्मा, म्हणजे ताशी 30 असेल, तर हीच किंमत निम्मी न होता चतुर्थांशावर येते, कारण ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. पुढचा सिग्नल लाल दिसताच पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढून गाडी आपल्या आपण मंदावू देणारा चालक जे वाचवतो, ते कोणत्याही ब्रँडच्या पत्रकात छापलेले नसते.

इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेली हायब्रिड गाडी हेच चार चमचे परत मिळवण्याचा प्रयत्न करते. ब्रेक दाबताच तिची मोटर जनित्र बनते आणि त्या ऊर्जेचा काही भाग बॅटरीत साठवते. बंगळूरजवळच्या बिदादीच्या एकाच कारखान्यात तयार होणाऱ्या मारुती ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडर यांच्या हायब्रिड आवृत्तीत ही बॅटरी केवळ 0.76 किलोवॅट-तासांची, म्हणजे 2.7 मेगाज्यूलची आहे. सिग्नलच्या थांब्यांसाठी ती पुरेशी आहे, पण लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना साडेपाचशे मीटरची उंची जेवढी ऊर्जा देऊ करते, तेवढी तिच्यात मावणे शक्य नाही. घाट संपण्याआधीच ती भरते आणि उरलेला उतार पुन्हा इंजिनाच्या आणि ब्रेकच्या भरवशावर कापावा लागतो. हायवेवर एकाच वेगाने जाताना ब्रेक क्वचितच लागतो, त्यामुळे तिथे हायब्रिडचा फायदाही आटतो. म्हणजे पेट्रोल इंजिनाचे जिथे सर्वांत जास्त हाल होतात, त्या शहरी गर्दीत हायब्रिड खुलते. डिझेलचे याच्या नेमके उलट आहे.

सीएनजीची गोष्ट वेगळी आहे. गॅस हवेबरोबर इंजिनात शिरतो तेव्हा हवेची काही जागा अडवतो, म्हणून गाडीची ताकद साधारण दहा ते पंधरा टक्क्यांनी कमी होते आणि पाच माणसे व सामान घेऊन घाट चढताना ते जाणवते. बहुतेक गाड्या सुरू होतात त्या पेट्रोलवर आणि इंजिन गरम झाल्यावरच गॅसवर जातात. त्यामुळे फेरी जितकी छोटी, तितकी बचतही कमी. नेहमीच्या आकाराचा 60 लिटरचा सिलिंडर डिकीची बहुतेक जागा घेतो. गणपतीला कोकणात जाणाऱ्या कुटुंबाने ही डिकी शोरूममध्ये आपली खरी बॅग ठेवूनच तपासावी. टाटाने 2023 मध्ये अल्ट्रोझमध्ये 30 लिटरचे दोन सिलिंडर डिकीच्या तळाशी आडवे बसवून यातून बराच मार्ग काढला.

हिशोबापुरते पेट्रोल 104 रुपये, डिझेल 91 रुपये आणि सीएनजी किलोला 90 रुपये धरू. आणि शहरातले खरे अ‍ॅव्हरेज अनुक्रमे 15, 19 आणि 23, तर हायब्रिडचे 22 धरू. किलोमीटरमागे खर्च येतो तो पेट्रोलला 6.93, डिझेलला 4.79, सीएनजीला 3.91 आणि हायब्रिडला 4.73 रुपये. सीएनजी आवृत्ती 95 हजारांनी महाग असेल तर तो फरक सुमारे 31,500 किलोमीटरमध्ये वसूल होतो, डिझेलचे सव्वा लाख वसूल व्हायला सुमारे 58 हजार किलोमीटर लागतात आणि हायब्रिडचे अडीच लाख वसूल व्हायला 1 लाख 13 हजार. यात महाराष्ट्रात डिझेल गाडीवर लागणारा जास्त वाहनकर धरलेला नाही. आपले आकडे घालून प्रत्येकाने ही आकडेमोड स्वतः करावी, आणि अ‍ॅव्हरेज मात्र पत्रकातले घेऊ नये. पत्रकातला आकडा प्रयोगशाळेत रोलरवर सुमारे वीस मिनिटे गाडी चालवून काढलेला असतो, त्यात वेग ताशी 90 किलोमीटरच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. शिवाय आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आपल्याच उसातून आणि धान्यातून येणाऱ्या या इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून मिश्रणाच्या लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळते. टाकी फुल करून किलोमीटर लिहून ठेवणे आणि पुढच्या वेळी पुन्हा फुल करून भागाकार करणे, याहून भरवशाची पद्धत अजून तरी नाही.

छोट्या गाड्यांची पेट्रोल इंजिने 1197 किंवा 1199 सीसीची का असतात, हा प्रश्न विज्ञानाचा वाटतो, पण उत्तर करांत आहे. 2006 च्या अर्थसंकल्पापासून 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना, लांबी चार मीटरच्या आत असेल तर, कमी कर लागतो. याचसाठी टाटाने 2008 मध्ये इंडिगोची डिकी कापून ती चार मीटरच्या आत बसवली. सप्टेंबर 2025 पासूनचा 18 टक्के जीएसटीही याच मर्यादा पाळतो. त्यामुळे या वर्गातल्या निरनिराळ्या नावांच्या गाड्या कागदावर एकमेकींच्या इतक्या जवळ असतात.

अशा वेळी नावाला किती किंमत द्यायची? याचे उत्तर 2019 च्या जूनमध्ये आलेल्या टोयोटा ग्लान्झाने दिले. ती मारुतीची बलेनोच, त्याच इंजिनाची आणि सुझुकी समूहाच्याच कारखान्यातली. पण तेव्हा मारुती 2 वर्षे किंवा 40 हजार किलोमीटरची वॉरंटी देत होती आणि टोयोटा 3 वर्षे किंवा एक लाख किलोमीटरची. म्हणजे त्या चिन्हामागे एक खरी, मोजता येणारी हमी होती आणि तिच्यासाठी थोडे जास्त मोजणे शहाणपणाचे होते. जुलै 2024 मध्ये मारुतीनेही आपली वॉरंटी तेवढीच केली आणि हा फरक मिटला. आता उरतो तो सर्व्हिस सेंटरच्या अंतराचा, पार्टच्या किमतीचा आणि जुनी गाडी विकताना मिळणाऱ्या भावाचा फरक, आणि तोही गावागणिक बदलतो.

मामेभावाने गेल्या वर्षी डिझेल गाडी विकली. त्याचे चालवणे महिन्याला 400 किलोमीटरचे, त्यामुळे सीएनजीचा जास्तीचा खर्च वसूल व्हायला त्याला साडेसहा वर्षे लागली असती, आणि तेही प्रत्येक फेरीची सुरुवात पेट्रोलवर होते हे सोडून. त्याने साधे 1197 सीसीचे पेट्रोल इंजिन निवडले. तीच गाडी दोन शोरूममध्ये दोन नावांनी उभी होती. त्याने दोन्हीकडे वॉरंटीचा कागद वाचायला मागितला, पहिल्या पाच सर्व्हिसचा खर्च लिहून घेतला आणि ज्या नावाचे वर्कशॉप वहिनींच्या शाळेच्या वाटेवर होते, त्या नावाची गाडी बुक केली.